दुसरी बाजू, साधारण मध्यावर

शर्वाणी, तू विचारलंस, काहीतरी सुचवा काका,
कुणी फारसं ऐकलेलं नाही असं.
सुचवतो. नावं मात्र विचारू नकोस.
नावं विश्वामित्रीत गेली, त्या वर्षी
जेव्हा अकोट्यात आमच्या पार्किंगमध्ये
मगर येऊन बसली दोन रात्री
आणि वॉचमन कनुभाई तिला ‘बेन’ म्हणायला लागला.
तळमजल्यावरचं कपाट, निळ्या शाईची लेबलं.
शाई पाण्यात उतरली. फिती राहिल्या.
मी त्या पंख्याखाली वाळवल्या, दोरीवर, चिमटे लावून.
बायको म्हणाली, एवढ्यात पापड तरी झाले असते.

तर डब्यात वरच आहे ती पांढरी, कोपरा तुटलेली.
दुसरी बाजू, साधारण मध्यावर.
आधी बराच वेळ नुसतं ऑर्गन, ओलसर.
मूळचंच ओलसर की पुरानं झालं
ते आता सांगता येत नाही.
गायक फार उशिरा येतो,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा,
आणि कुणी रागावत नाही, उलट तूप जास्तच वाढतात.
तिथपर्यंत थांब. फोन बघू नकोस.

मग रबर बँड लावलेली.
इलेक्ट्रिक पियानो, बास, आणि ड्रमवर कुणी हट्टी माणूस.
सात मात्रांचं आहे.
तू नऊ रात्री गोल फिरणारी मुलगी,
तुझे पाय सहानंतर टाळी मागतील
आणि टाळी एक घर पुढे सरकलेली असेल.
चिडशील.
तिसऱ्यांदा ऐकताना पाय आपोआप थांबतील
त्या एका मात्रेसाठी,
रावपुऱ्यात गाय आडवी आली की थांबतो तसे.

हे सगळं भरलं श्रीरंग गुप्त्यांनी.
रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, तीन पाळ्या.
फत्तेगंजला एक परदेशी शिल्पकार भाड्यानं राहायचा,
रेकॉर्ड त्याच्या. घराबाहेर न्यायच्या नाहीत ही अट.
गुप्ते रविवारी स्पीकरसमोर माइक धरून बसायचे,
डोळे मिटून वगैरे नाही,
मीटर वाचणाऱ्या माणसासारखे.
म्हणून हिरव्या कॅसेटमध्ये, सॅक्सोफोनच्या ऐन भरात
कुकरची शिट्टी आहे.
सुरात आहे. मी पेटीवर तपासलं, कोमल निषाद.
शिट्टीशिवाय ते गाणं मला अळणी लागेल.

एक बाई आहे. तिच्याबद्दल जपून सांगतो.
कुठली, कधीची, माहीत नाही,
अर्धे शब्द अजून लागलेले नाहीत.
वरच्या सुराकडे ती चढत जाते,
मागचे वाजवणारे दार उघडून उभे,
आणि ती आत जात नाही. उंबऱ्यावरूनच फिरते.
दम नव्हता असं म्हणू नकोस,
पुढच्याच ओळीत तिथे सहज जाऊन येते,
कोथिंबीर आणायला गेल्यासारखी.
मग आधी का नाही गेली?
गुप्त्यांना विचारलं होतं.
म्हणाले, “तिला विचार.”

शेवटची कॅसेट चांगली नाही, खरं सांगतो.
ट्रंपेट खरखरीत, मधला भाग पुरानं खाल्लाय.
पण गाणं संपलं तरी बंद करू नकोस.
खुर्चीचा आवाज. एक खोकला. बाहेर कुणी सायकलची घंटी मारतं.
मग गुप्ते विचारतात,
“पुन्हा लावू का?”
आणि समोरचा माणूस बोलायच्या आत फीत संपते.

समोर मी होतो.
काय म्हणालो ते आठवत नाही.

पेन्सिल डब्यात आहे, फीत ढिली पडली तर.
स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस.
ऐकून लगेच ‘छान’ असा निरोप धाडू नकोस,
दोन दिवस जाऊ देत.
डबा दिवाळीपर्यंत दिलास तरी चालेल.
हिरवी मात्र
जरा लवकर आण.